काशीबाईंचा डावा पाय

घोट्याला हात लावला आणि पाय मागे गेला. झटकून नव्हे, जरासाच, चार बोटं. "पायाला हात नका लावू ओ, बाय," वरून आवाज आला. "माज्यापेक्षा मोट्या तुमी. पाप लागल मला." आवाज मी ओळखला नाही. ती खोलीत आली तेव्हा चेहराही ओळखला नव्हता, आणि तुळसाने समोर ठेवलेल्या कागदावरचं काशी भागोजी मांडवकर हे नाव डोळ्यांखालून नुसतंच गेलं होतं. पण पायाचं ते मागे जाणं मला ओळखीचं होतं. माणसं मला चेहऱ्यावरून फारशी लक्षात राहत नाहीत. या खोलीत उजेड मंद असतो, पेशंट दोन पायऱ्यांच्या लाकडी चौथऱ्यावर दांडीला धरून उभा असतो आणि मी खाली बुटक्या स्टुलावर, त्याच्या गुडघ्यांशी. वीस वर्षं मी या शहराकडे पोटऱ्यांच्या उंचीवरून बघते आहे. बाजारात एखादी बाई हसून विचारते, ओळखलंत का, आणि मी हो म्हणते, आणि मनात येतं, साडी जरा वर घ्या म्हणजे सांगते.

शिरा उभं करूनच तपासाव्या लागतात. आडव्या माणसाचं रक्त कुठूनही कसंही हृदयाकडे जातं, त्याला कष्ट नसतात. उभ्या माणसाच्या पायातून ते चढवावं लागतं, आणि चढलेलं खाली घसरू नये म्हणून शिरेत वितीवितीवर झडपा असतात. पोटरी दाबायची, रक्त वर जातं. सोडायची, झडपा मिटतात. अर्ध्या सेकंदाच्या आत मिटल्या तर ठीक. नाही मिटल्या तर वर गेलेलं सगळं परत खाली येतं, सोनोग्राफीच्या पडद्यावर निळ्याचं तांबडं होतं आणि स्पीकरमधून एक लांब, दमलेला आवाज येतो. हे मी दिवसातून आठ-दहा वेळा ऐकते. शिक्षक, कंडक्टर, पोळ्या लाटणाऱ्या बायका, न्हावी. ज्यांना उभं राहावं लागतं ते सगळे. मी स्वतः बसते. सकाळी नऊला या खोलीत शिरते, एसीची घरघर सुरू होते, दार ओढून घेतलं जातं. खिडकी नाही. वरच्या मजल्यावर यज्ञेशचं, माझ्या नवऱ्याचं, ऑपरेशन थिएटर, त्याच्या वर आमचं घर. मध्ये अडतीस पायऱ्या. मागच्या आठवड्यात बुधवारपासून रविवारपर्यंत मी इमारतीच्या बाहेर पडलेच नव्हते, हे मला रविवारी चपला शोधताना कळलं.

"काशीबाई, सगळा भार उजव्या पायावर द्या. डावा सैल सोडा."

"सैलच हाय तो. सात वर्सं झाली, तो माजा ऐकत नाय."

तुळसा दाराशी हसली. आमच्याकडे मदतनीस म्हणून ती पहिल्या दिवसापासून आहे आणि कुठल्या पेशंटवर हसायचं ते तिला बरोबर कळतं. मी हसले नाही. सात वर्षं. घोट्याच्या आतल्या बाजूला रुपयापेक्षा मोठी जखम होती, कडा पांढऱ्या, भोवतालची कातडी जांभळट काळी आणि लाकडासारखी टणक. मांडीवर आतल्या अंगाला ऑपरेशनची जुनी रेघ. नीट शिवलेली, सरळ. यज्ञेशची शिवण मी कुठेही ओळखीन. त्याची चिठ्ठी कागदाला टाचली होती: डावा पाय, शिरांचा डॉपलर, पुन्हा फुगल्या आहेत का पाहणे, गुरुवारी लेझर. त्याच्या अक्षरात 'का' नेहमीच उगीच असतो. प्रश्न विचारताना त्याचं उत्तर ठरलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. म्हणून तर शहर त्याला देवमाणूस म्हणतं.

"आधीची तपासणी कुठे झाली होती?" मी विचारलं, आणि विचारतानाच मला माहीत होतं.

"हितंच की. तुमीच केलेली. सगला आनलंय मी." तिने दांडी न सोडता दुसऱ्या हाताने तुळसाला खूण केली. साडीच्या दुकानाची एक पिशवी, तिच्यात दुसरी, तिच्यात वर्तमानपत्राची घडी. उघडल्यावर खोलीत नव्या तांदळाचा वास आला. "तांदलाच्या डब्यात ठेवते मी कागद. नायतर पावसात बुरशी लागते." घडीतून मशीनवरचा चिकण्या कागदाचा छाप निघाला. हे छाप कोकणात दोन पावसाळे टिकत नाहीत, पिवळे पडतात, मग कोरे. हा मात्र कालचा असावा तसा होता. डाव्या कोपऱ्यात तारीख, उजव्या कोपऱ्यात माझं नाव. मध्ये मांडीतल्या खोल शिरेतला प्रवाह. मी तो पडद्याच्या उजेडात धरला.

निरोगी माणसाच्या खोल शिरेतलं रक्त श्वासाबरोबर हलतं. श्वास आत घेतला की मंदावतं, सोडला की वाहतं. कागदावर ते टेकड्यांसारखं दिसतं, आणि कानाला माडाच्या झावळ्यांतून आलेल्या वाऱ्यासारखं लागतं. येतो, थांबतो, येतो. या कागदावर टेकड्या नव्हत्या. एका उंचीवरून चाललेली सरळ पट्टी होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ज्या प्रवाहाला श्वास कळत नाही, त्याच्या वर कुठेतरी वाट बंद असते. हे मला एमडीच्या पहिल्या वर्षापासून माहीत आहे. मी ते दुसऱ्यांना शिकवू शकले असते. छापाच्या मागे टाचलेल्या रिपोर्टमध्ये मात्र इंग्रजीतली तीन वाक्यं होती: खोल शिरा मोकळ्या. दाबल्यावर पूर्ण मिटतात. प्रवाह श्वासानुसार बदलतो. ही वाक्यं कॉम्प्युटरमध्ये तयारच असतात. प्रत्येक पेशंटचं नाव घातलं की आपोआप येतात, आणि वेगळं काही असलं तर मी ती बदलायची असतात. मी बदलली नव्हती. खाली माझी सही होती.

ती तारीख माझ्या ओळखीची होती. त्याच्या आदल्या शुक्रवारी मी पुण्याला नकार कळवला होता. तिथल्या एका शिकवण्याच्या हॉस्पिटलात जागा होती, शिरांच्याच विभागात. मला पत्र आलं होतं. यज्ञेशने पत्र वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाला, "जा की. मी कोण अडवणारा? फक्त इथे दुसरं कोण आहे, एवढं सांग." तो चिडून बोलला नव्हता. खाली चाळीस माणसं बसली होती आणि खरंच दुसरं कोणी नव्हतं. मी पत्र टेबलाच्या खणात ठेवलं, आणि खाली आले. सोमवारी ही बाई उभी होती. त्या दिवसाचं मला आता इतकंच आठवतं की स्पीकरमधून तो सलग आवाज येत होता आणि मला बरं वाटत होतं.

बरं वाटत होतं, याचं कारण मी फार मागे जाऊन शोधू शकते. मी पोफळीच्या कॉलनीत वाढले. माझे वडील, आप्पा, तिथल्या वीजघरात होते. वर्षातून एकदा ते आम्हाला आत न्यायचे. गाडी बोगद्यात शिरायची, मागचा उजेड नाण्याएवढा होत नाहीसा व्हायचा आणि मग डोंगराच्या पोटात ती मोठी दिवाणखान्यासारखी जागा, आणि आवाज. मला पहिल्यांदा गुदमरल्यासारखं झालं होतं. मी आप्पांचा शर्ट धरून ठेवला होता. ते वाकून कानाशी म्हणाले, "आवाज ऐक. एका सुरात आहे ना? एका सुरात आहे तोवर सगळं ठीक. सूर हलला तर घाबरायचं." सुट्टीच्या दिवशी घरी झोपलेले असतानाही ते मध्येच डोळे उघडायचे, जणू डोंगरातून काही ऐकू आलंय, आणि मग पुन्हा झोपायचे. मी सगळ्या गोष्टी अशा ऐकायला शिकले. एसी, फ्रीज, यज्ञेशचं जेवतानाचं बोलणं. सूर हलला नाही ना. आणि इथे, या एकाच ठिकाणी, नियम उलटा आहे हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण कानाला ठाऊक नव्हतं. त्या सोमवारी माझ्या कानाने सांगितलं, ठीक आहे. हात पुढच्या कामाला लागला.

"का ओ बाय, वाईट हाय काय?"

"नाही. बघते आहे."

मी प्रोबला जेल लावलं आणि गुडघ्यामागून वर निघाले. यज्ञेशने काढलेल्या शिरेच्या जागी बारक्या वाकड्यातिकड्या शिरांचं जाळं झालं होतं. त्याच त्याला गुरुवारी जाळायच्या होत्या. बाहेरून बघणाऱ्याला त्या आजार वाटतात. पण खोल रस्ता बंद असेल तर हा आजार नाही, रस्ता आहे, असलेला एकमेव. सात वर्षांपूर्वी आम्ही त्यातला सगळ्यात रुंद असलेला काढून टाकला, नीट शिवण घातली, आणि पायाने मिळतील तिथून नवे काढले. पुरे पडले नाहीत म्हणून घोट्याशी कातडी फाटली. मी हे सगळं अगदी स्वच्छपणे, पाठ्यपुस्तकातल्या आकृतीसारखं बघत होते, आणि त्याच वेळी डोक्याच्या दुसऱ्या एका भागात एक वाक्य आपोआप तयार होत होतं. नव्याने बंद झालेली दिसते. सात वर्षांत काहीही होऊ शकतं. गुठळी कधीही होते. एवढं लिहिलं की लेझर रद्द होईल, बाईला योग्य ते मिळेल, आणि तो छाप मी "जुना झाला, नको" म्हणून तुळसाकडे दिला तर कोणालाही काही वाटणार नाही. वाक्य चांगलं होतं. त्यात एकही शब्द खोटा ठरवता आला नसता.

"वळा. भिंतीकडे तोंड करा."

ती वळली. समोरच्या भिंतीवर सरकारी बोर्ड आहे, प्रत्येक सोनोग्राफीच्या खोलीत असतो तो. ती अक्षर अक्षर लावून वाचू लागली. "गर्भ... लिंग... म्हंजे हितं मुलगा का मुलगी ता सांगत नाय?"

"नाही. गुन्हा आहे तो."

"बरा हाय. माज्या टायमाला सांगितला असता तर सासूने शमिकाला येऊच दिली नसती." ती भिंतीकडे बघूनच बोलत होती, त्यामुळे आवाज मोकळा होता. "आली ती आली, माजा पाय घेऊन आली. चौथ्या दिवशी हा पाय असा सुजला, केळीच्या बुंद्यावानी. सासू म्हनाली, वारा शिरला. निरगुडीचा पाला बांदून शेकला म्हयनाभर. मी आपली माच्यावर पडून, आनि शमिका दुधाला रडतेय."

माझा हात थांबला. "हे कधीचं?"

"आता शमिकाच एकुनतीसची हाय. मुंबईला दिली."

एकोणतीस वर्षं. म्हणजे 'नव्याने बंद'चं ते वाक्य गेलं. तरी मी त्याच्या मागे थोडी धावले. पाय तेव्हा सुजला असेल, पुन्हा मोकळा झाला असेल, होतं असं कधी कधी. अजून एक जागा राहिली होती बघायची. तिच्यावरून नक्की कळलं असतं. आणि तीच जागा मी मागच्या वेळी बघितली नव्हती, हे मला आता कापडाच्या स्पर्शासकट आठवलं. तिने साडीच्या निऱ्या मुठीत धरून जांघेशी घट्ट दाबून ठेवल्या होत्या. मी म्हटलं होतं, जरा वर घ्याल का. ती म्हणाली होती, एवडी बास ना ओ. आणि मी म्हटलं होतं, बरं बरं, असू दे. तिला संकोच वाटला, तिला संकोच वाटला म्हणून मलाही वाटला. आम्ही दोघी चांगल्या वळणाच्या बायका. पाय मागे घेणारी ती आणि नजर वळवणारी मी. कमरेच्या गाठीच्या खालच्या चार बोटांवर तिचं पुढचं सगळं अवलंबून होतं आणि आम्ही एकमेकींचा मान राखला.

"काशीबाई, आता झोपा पलंगावर. आणि साडीची गाठ सोडा."

"सगली?"

"पोटाच्या खालपर्यंत. तुळसा, तू बाहेर थांब. दार ओढून घे."

ती बराच वेळ गाठीशी चाचपडत राहिली. मी पडद्याकडे बघत राहिले. मग तिने छताकडे तोंड केलं आणि हात बाजूला घेतले. ओटीपोटावर, हाडाच्या जरा वर, डावीकडून उजवीकडे चार शिरा गेल्या होत्या, पेन्सिलीएवढ्या जाड, निळ्या. डाव्या पायाचं रक्त घरी जायला उजव्या पायाकडून वाट मागत होतं. मशीनची गरज नव्हती. डोळे असलेल्या कोणालाही दिसलं असतं.

"ह्या केव्हापासून आहेत?"

"ह्या व्हय. ह्या जुन्या. शमिका दोन वर्सांची व्हती तवापासनं. ती त्याच्यावर बोटं फिरवायची, नदी नदी करून. तुमाला मागच्या खेपेला दाखवायला पायजे व्हत्या काय? माजी चूक झाली. लाज वाटली."

मी प्रोब जांघेत ठेवला. शीर दाबून बघितली. ती मिटली नाही, दोरीसारखी तशीच राहिली. आवाज सुरू केला. तो आला, सलग, सपाट, एका सुरात. "मोठा श्वास घ्या," मी म्हटलं. तिची छाती वर आली. आवाज हलला नाही. "सोडा." हलला नाही. मी ते पुन्हा केलं, आणि आणखी एकदा, आणि माझ्या लक्षात आलं की तिच्याबरोबर मीही श्वास धरून बसले आहे.

इंटरकॉम वाजला. "काय गं मनू, झालं का? गुरुवारचं नक्की करतोय."

"लेझर करता येणार नाही. वरची खोल शीर बंद आहे."

"अरेच्चा." कागद हलल्याचा आवाज आला. "चांगलं पकडलंस. मग मोजे, पट्ट्या, आणि कोल्हापूरला पाठवू, शीर उघडी ठेवणारी जाळी बसते का बघतील."

"तेव्हाही बंदच होती, यज्ञेश. बाळंतपणातली आहे."

मी मशीनचा आवाज बंद करायला विसरले होते. आमच्या दोघांच्या मध्ये तो चालू होता. "हे बघ," तो म्हणाला, हळू, पेशंटशी बोलतो तसा, "आत्ता बंद आहे, एवढंच लिही. ते खरंच आहे ना? उपचार त्याने बदलत नाहीत. उगीच जुनं उकरून बाईच्या डोक्याला त्रास. वर ये, जेवताना बोलू." आणि ठेवला. त्याचं म्हणणं मी तपासून बघितलं, सवयीने, एकेक पायरी. उपचार बदलत नव्हते. हे खरं होतं. त्याची बहुतेक वाक्यं खरीच असतात. त्या वाक्यांमध्ये मी वीस वर्षं राहते आहे.

काशीबाई उठून बसली होती आणि गाठ बांधत होती. "सायेब रागावले काय? मागच्या खेपेला पन बोलले मला. त्यांनी सांगितलेला म्हयनाभर जास्त उभी रावू नको. मी बाराव्या दिवशी शालेत गेली. पोरांची खिचडी असते ना माज्याकडे, मी नाय गेली तर दुसरी बाय घेतली असती. जखम झाली तवा सायेब म्हनाले, काशीबाई, तुमी ऐकला नाय. बरोबरच हाय. म्हनून मी मग मासली सोडली. सगले म्हनतात मासलीने जखम भरत नाय. सात वर्सं नाय खाल्ली. मालक मुंबईवरून आले की त्यांना करून घालते, पन वासाला पन उभी रावत नाय. तरी भरत नाय ती."

ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. हजेरी देत होती; मी माझी शिक्षा नीट भोगते आहे, बघा. मी जेलचा कागद हातात घेऊन तशीच बसले. तुळसाने दार किलकिलं करून बाहेर नऊ जण आहेत असं बोटांनी दाखवलं आणि पुन्हा मिटलं. माझ्या डाव्या हाताला भिंत होती, उजव्या हाताला मशीन, मागे दार, आणि दारामागे अडतीस पायऱ्या. मला वाटलं मी आत्ता बोलले नाही तर पुढेही कोणाला काही कळणार नाही, आणि तो सूर तसाच चालू राहील, आणि मला बरंही वाटेल.

"काशीबाई, तुम्ही उभ्या राहिलात म्हणून जखम झाली नाही. मासळीनेही नाही," मी म्हटलं. "तुमच्या पायातली मोठी शीर शमिकाच्या वेळीच बंद झाली होती. ते मला मागच्या वेळी दिसायला हवं होतं. या तुमच्या कागदावर दिसतंय. मी बघितलं नाही. मी सगळं ठीक आहे असं लिहून दिलं, म्हणून साहेबांनी ऑपरेशन केलं. ते करायला नको होतं."

तिला कळलं नाही असं मला वाटलं, म्हणून मी तेच पुन्हा, आणखी सोपं करून सांगायला लागले. तिने हात वर केला.

"म्हंजे माजा काय चुकला नव्हता."

"नाही."

"आनि सायेब मला बोलले ते?"

"मी लिहिलं होतं त्यावरून बोलले."

ती माझ्याकडे बघत राहिली. इतका वेळ तिने माझ्याकडे सरळ बघितलंच नव्हतं, आणि मीही तिच्याकडे नाही. तिचे डोळे घारे होते. मी रडण्याची वाट बघितली, ओरडण्याची, असू दे ओ बाय म्हणण्याची. तिसऱ्याची जास्त. तिने तसं म्हटलं असतं तर मी सुटले असते. ती म्हणाली, "सात वर्सं बांगडा नाय खाल्ला मी." मग पिशवीतला कागद माझ्या टेबलावरून उचलून तिने वर्तमानपत्रात घातला, घडी केली, आणि छातीशी धरला. "ह्यो मी नेनार."

"न्या. नव्या रिपोर्टमध्येही मी हेच लिहिते आहे."

मी कॉम्प्युटरकडे वळले. तीन वाक्यं तयार होती. मी ती एकेक अक्षर मागे जात पुसली आणि नवीन लिहिली. शेवटची ओळ लिहिली: मागील तपासणीतही हा अडथळा होता, तो माझ्या नजरेतून सुटला. इंग्रजीत ती फार लहान झाली. छपाई सुरू झाली. वर गेल्यावर यज्ञेश वरण वाढून घेत असेल. तो चिडणार नाही. तो विचारेल, इथे दुसरं कोण आहे.

मी मागे वळले तेव्हा ती पलंगाच्या कडेला पाय सोडून बसलेली होती. डाव्या पायावर जेल तसंच होतं, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत, थंड, चकाकणारं. मी सवयीने कागदी रुमाल तिच्या हातात द्यायला पुढे केला. बायका स्वतःच पुसतात, हात लावू देत नाहीत. तिने तो घेतला नाही.

"पुसा," ती म्हणाली.

मी स्टूल पुढे ओढलं. तिने पाय उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला. तो सुजलेला पाय मला वाटला होता त्यापेक्षा फार जड होता. मी गुडघ्याखालून सुरुवात केली. जखमेच्या भोवती पोचले तेव्हा बोटं हलकी केली, टाच पुसली, मग बोटांच्या मधल्या जागा, एकेक. टेबलावर इंटरकॉम पुन्हा वाजू लागला. मला तो घेण्यासाठी उठायला हवं होतं. पाय मागे गेला नाही. तिने सगळा भार माझ्यावर दिला होता.